भिंतीला आलेलं देवपण

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, ते विसरलो म्हणून नव्हे. टाळायचं तर उलट नीट लक्षात ठेवावं लागतं. घरी कुणी आलं, चहा झाला आणि बोलणं व्हरांड्यातल्या भिंतीकडे सरकायला लागलं, की मी पाहुण्यांना उठवून मागची बाग दाखवायला न्यायचो. मागे बाग नाही. कढीपत्त्याचं एक झाड आणि पाण्याचा हौद आहे. पण लोक भले असतात. कढीपत्त्याचंही कौतुक करतात.

गेल्या हिवाळ्यात माझा सत्कार झाला आणि कढीपत्ता अपुरा पडायला लागला.

झालं असं, की पुण्याहून आर्किटेक्चर शिकणारी काही मुलं आली. होटगी रोडवरचं आमचं हे घर पन्नाशीच्या दशकातलं. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं अशा धाटणीची घरं गावोगावी बांधली गेली, आता ती भराभर पडताहेत, आणि त्यांना जुनं म्हणून कुणी जपत नाही की नवं म्हणून कुणी ठेवत नाही, असं त्यांनी मला माझ्याच घरात बसून समजावून सांगितलं. त्यांनी टेप लावून घर मोजलं. जमिनीवर आडवं पडून छताचे फोटो काढले. मग विचारलं, "सर, मूळ फर्निचर काही उरलंय का?"

मी त्यांना कुंभारीला आमच्या शेतावर नेलं. गोठ्याच्या कडेला त्या खुर्च्या होत्या. बुटक्या, मागे कललेल्या, पाय फाकवून उभ्या असलेल्या सागवानी खुर्च्या. एकीवर खताचं पोतं होतं आणि दुसरीवर कोंबडी. मुलांचे आवाज एकदम खाली आले, देवळात गेल्यासारखे. त्यांतला एकजण गुडघे टेकून बसला आणि खुर्चीच्या पायावरून बोट फिरवायला लागला.

"सर, हे विणकाम ओरिजिनल आहे?"

"नाही. वेत तुटला, मग आमच्या गड्यानं सुतळी ओढली."

"म्हणजे लोकल इंटरव्हेन्शन!" त्यानं लिहून घेतलं. "आणि सर, तुम्ही या इथे का ठेवल्यात?"

मी म्हणालो, "इथली हवा कोरडी आहे."

हेही त्यानं लिहून घेतलं.

पुढे त्यांनी एक पुस्तिका छापली, आणि घराच्याच अंगणात छोटा कार्यक्रम करून मला शाल आणि श्रीफळ दिलं. आधुनिक वास्तुकलेचा ठेवा जपणारा म्हणून. पुस्तिकेत खुर्च्यांना दोन पानं आहेत, कोपऱ्यावरच्या खिडकीला एक, आणि व्हरांड्याच्या भिंतीबद्दल एक वाक्य: घराच्या मूळ मालकांची आधुनिक कलेवरची निष्ठा उतारवयात ओसरली आणि तिथलं काच-तुकड्यांचं भित्तिचित्र त्यांनी स्वतःच काढून टाकवलं.

हे वाक्य मुलांनी बनवलेलं नाही. मी सांगितलेलं आहे. ते खोटं आहे.

घराचे मूळ मालक म्हणजे माझे दोड्डप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणायचं, काकूला दोड्डव्वा. दोघांना मूलबाळ नव्हतं. दोड्डप्पांचा सुताचा व्यापार होता. त्या काळी सुतात चार पैसे मिळवलेला माणूस घर बांधायचा म्हणजे दारावर गजलक्ष्मी, खांबांना कमळं, आणि गच्चीच्या कठड्यावर सिंह बसवायचा. दोड्डप्पांनी मुंबईला जाऊन काय पाहिलं कोण जाणे, येताना ते एक तरुण आर्किटेक्ट घेऊन आले. त्याचा नकाशा बघून माझे वडील म्हणाले होते, "अण्णा, भिंती दिसत्यात, खिडक्या दिसत्यात, पन ह्यात घर कुटं हाय?"

घर असं झालं: सपाट छत, पुढे खांबाशिवाय नुसताच बाहेर आलेला पोर्च, आणि एका कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना वळलेली काचेची खिडकी. जिथे जगाच्या घराला खांब असतो तिथे आमच्या घराला काच. गवंड्यांनी पोर्चच्या फळ्या आणि टेकू काढल्यावर त्याखाली जेवायला बसायला नकार दिला. गावानं घराचं नाव 'पेट्रोल पंप' ठेवलं. एकदा एक ट्रकवाला खरंच आत वळला आणि डिझेल मागायला लागला म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, पण मीही तसं सांगत असे.

आणि व्हरांड्यात, फाटकातून आत येताच समोर, ती भिंत. आर्किटेक्टचा एक चित्रकार मित्र आला होता, तो एक अख्खा उन्हाळा आमच्याकडे राहिला. त्यानं फुटक्या फरशा, कपबश्यांचे तुकडे, नदीतले गोटे आणि कासाराच्या दुकानातल्या फुटक्या बांगड्या गोळा केल्या आणि ओल्या सिमेंटमध्ये एकेक दाबून भिंत भरली. हिरवा रंग कमी पडला तेव्हा दोड्डव्वानं आपल्या वाढवलेल्या बांगड्यांचा डबा आणून त्याच्यापुढे ठेवला. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. फुटण्याचा अर्थ वेगळा होतो. ते तुकडे भिंतीच्या मधोमध, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर लागले.

चित्र कसलं ते कुणालाच कळत नसे. आम्ही मुलं त्याला भेळ म्हणायचो. दोड्डप्पा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "सुताच्या रंगवल्याल्या लडी वाळत घातल्यात, आन वारं सुटलंय. दिसंना व्हय? जरा लांब उभा ऱ्हा की." पाहुणे लांब उभे राहायचे. आणखी लांब, आणि मग फाटकाबाहेर.

घर झाल्यावर थोड्याच वर्षांत दोड्डव्वा गेली. दोड्डप्पा एकटे राहिले, भिंतीबरोबर.

मला त्या घराची लाज वाटायची, हे आधी सांगितलं पाहिजे. मी नुकताच बँकेत लागलो होतो. शहरातल्या आमच्या जुन्या घरी आई-वडील आणि धाकट्या बहिणीबरोबर राहत होतो. मित्र विचारायचे, "काय रे, काका अजून पंपावरच का?" मला कोरीव काम आवडायचं. अजूनही आवडतं, पण हल्ली ते मुलांसमोर बोलत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा दोड्डप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुकानातलं सूत त्यांना बोटांनी कळायचं, त्याची अडचण नव्हती. भिंतीची होती. सकाळचं ऊन तिच्यावर आलं की ते जवळ जाऊन उभे राहायचे, खांद्याच्या उंचीवर हात ठेवायचे आणि मी तिथे असलो तर विचारायचे, "ही हिरवी का निळी? बघ की रे."

मी कधी हिरवी म्हणायचो, कधी निळी. वर्तमानपत्रातून डोकं न काढता.

शेवटी ते मिरजेला ऑपरेशनला तयार झाले. त्या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस न हलता पडून राहायचं. त्यांना त्याची धास्ती होती. निघताना म्हणाले, "तिचा हिरवा तेवढा परत दिसू दे. मग दुकानातलं न्हाई दिसलं तरी चालंल." वडील त्यांच्या सोबतीला गेले. माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, आणि अंगण मोठं म्हणून ते दोड्डप्पांच्या घरी करायचं होतं. किल्ल्या माझ्या हातात देऊन दोड्डप्पा म्हणाले, "कंपाउंडला चुना मार, फाटकाला रंग दे. व्हरांड्यातल्या भितीला ब्रश लावू नको."

मी हो म्हणालो, आणि तो शब्द मी पाळला. तिला आधी ब्रश लावला नाही.

ते गेल्यावर मुलाचे मामा लग्नाची जागा बघायला आले. गुलबर्ग्याकडचे, धान्याचे व्यापारी, देहानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. मी त्यांना दिवाणखान्यात त्या बुटक्या खुर्चीत बसवलं. खुर्चीत ते असे खाली गेले की गुडघे छातीशी आले.

"बसवताय का गाडताय?" मामा म्हणाले.

चहा त्यांनी छताकडे बघत घेतला. उठायची वेळ आली तेव्हा एका हाताला मी, एका हाताला शेजारचा, असं ओढून त्यांना बाहेर काढलं. टोपी खुर्चीतच राहिली. या सगळ्यात त्यांची थोडी शोभा झाली होती आणि आमची बरीच. मामा व्हरांड्यात आले, भिंतीसमोर थांबले, पुढे वाकून बघितलं आणि म्हणाले, "आन ह्ये काय ओ? लग्नाच्या दारात कुनी बांगड्या फोडल्यात?"

आणि हसले. ते हसले होते, ही गोष्ट मी घरी सांगताना वगळली.

अव्वानं, म्हणजे आईनं, ऐकून तोंडाला पदर लावला. फुटक्या बांगड्या म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. लग्न मोडेल का, या काळजीनं ती त्या दिवशी जेवली नाही. बहीण मात्र भडकली.

"दोड्डव्वा सवाष्ण गेली. मळवट भरून नेली तिला. तिच्या बांगड्या अशुभ, आन त्या मामाचा ढेकर शुभ व्हय?"

"तू गप्प बस. लग्न तुझंच आहे," मी म्हणालो.

"माझं हाय म्हनूनच बोलतीय. मांडववाला कनात लावंलच की, एक पडदा हितं पन मारंल. लग्न झालं की काढंल. दोड्डप्पांना कळनार बी न्हाई."

एक पडदा. तेवढ्यानं काम झालं असतं. मामांचं तोंड बंद झालं असतं, अव्वा जेवली असती, आणि हे लिहायची वेळ आली नसती. मला हे त्याच क्षणी पटलं होतं. पण हे घर पुढेमागे माझ्याकडे येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला जरा जास्तच. मामांच्या त्या एका वाक्यात मला एक संधी दिसली. शुभाशुभाच्या आडून घर सुधारण्याची. अव्वाला अपशकुनाची भीती होती. मला नव्हती. मी फक्त तिची भीती वापरली.

आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती काढतात, बाजूला सोंडेत हार घेतलेले हत्ती, भालदार-चोपदार, पोपट, आणि खाली वधूवरांची नावं. मी बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावलं. विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू बोलणारा, आणि आपल्या हत्तींबद्दल अतिशय हळवा. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि मान हलवली.

"मालक, याच्यावर गणपती बसणार नाही. सोंड काढायला घेतली की ब्रश अडकतोय. हत्ती लंगडे होतील. आमच्या गल्लीत विचारा, माझ्या हत्तीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"मग?"

"प्लास्टर करून द्या गुळगुळीत."

गवंडी आला. तो म्हणाला, काचेवर प्लास्टर धरत नाही, आधी टाकी लावावी लागेल. टाकी म्हणजे छिन्नीनं घाव घालून भिंत खरबडीत करायची. खरबडीत भिंत होतीच, ती गुळगुळीत करण्यासाठी आधी आणखी खरबडीत करायची होती. दोन माणसं छिन्नी-हातोडे घेऊन बसली. सिमेंट चांगलं होतं. तुकडे सुखासुखी निघेनात, म्हणून त्यांनी ते जागच्या जागी फोडले. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून देखरेख केली. आवाजानं शेजारी जमले आणि म्हणाले, बरं केलंत.

बहीण बाहेर आली. "दोड्डप्पांना काय सांगणार हायस?"

"सांगेन काहीतरी."

"कायतरी?" ती म्हणाली आणि आत गेली.

राडारोडा फाटकाजवळच्या खड्ड्यात भरला, वऱ्हाडाच्या गाड्यांना हिसका बसू नये म्हणून. त्याच दिवशी शेतावरच्या गाडीतून बुटक्या खुर्च्या कुंभारीला पाठवल्या आणि हातांवर सिंहाची तोंडं असलेला, लाल रेक्झिनचा भक्कम सोफा आणला. गणपती फार सुंदर झाला. हत्ती तर बोलायचे बाकी होते. मी अंगणात उभा राहून बघितलं आणि मला मनापासून आनंद झाला, हेही इथे नोंदवतो. मला पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. तो नंतर आला, आणि आल्यावर गेला नाही.

दोड्डप्पा हळदीच्या आदल्या दिवशी परतले. व्हरांड्यात बायका शेवया करायला जमल्या होत्या, पेंटर भिंतीवर शेवटचा पोपट रंगवत होता. टांगा फाटकाशी थांबला. डोळ्यावर दवाखान्यानं दिलेली हिरव्या कापडाची झडप होती. चष्मा महिन्यानं मिळायचा होता. तोवर अंधूक, पण रंग कळतात, असं वडिलांनी उतरता उतरता आनंदानं सांगितलं. दोड्डप्पांनी वहाणा काढल्या, कुणी दिलेला पाण्याचा तांब्या घेतला नाही, आणि सरळ भिंतीकडे गेले. झडप वर केली. खांद्याच्या उंचीवर हात ठेवला.

हात घसरला. त्यांनी तो पुन्हा त्याच जागी ठेवला, मग थोडा डावीकडे, मग उजवीकडे. बोटांना ओला रंग लागला.

"ह्यात हिरवं कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

पेंटरला काहीच माहीत नव्हतं. तो हौसेनं पुढे झाला. "हे की मालक. पोपट."

"पोपट." दोड्डप्पा म्हणाले. "बरं. पोपट बघायला मिरजंला गेलतो म्हनायचं."

मग ते खाली वाकले. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात काचेचा चुरा अडकून राहिला होता. त्यातला एक खडा त्यांनी चिमटीत घेतला.

"टाकी लावली व्हय?"

मी मान हलवली. त्यांना ती दिसली की नाही ठाऊक नाही.

"टाकीचे घाव सोसल्याबिगर देवपन येत न्हाई म्हनत्यात," ते म्हणाले. "भितीला आलं म्हनायचं."

कुणीतरी हसलं. वडील हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. भर व्हरांड्यात, शेवयांच्या पाटाशी बसलेल्या बायकांसमोर, त्यांनी मला विचारलं, "कुनी सांगितलं तुला ह्ये कराय?"

मी म्हणालो, "दोड्डप्पांनीच. जाताना."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. वडील भावाकडे वळले. "व्हय, अण्णा?"

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं. पेंटर ब्रश धरून उभा होता. दोड्डप्पांनी झडप खाली केली, बोटांचा रंग धोतराला पुसला.

"व्हय," ते म्हणाले. "मीच म्हनलो असंल. लग्नाचं घर हाय, बरं दिसंल. म्हातारपनी काय ध्येनात ऱ्हातंय?" आणि मग, हळू, कानडीत: "इरली बिडो." म्हणजे राहू दे रे. हे त्यांनी वडिलांना म्हटलं की मला, हे मला आजही सांगता येणार नाही. तोंड पोपटाकडे होतं.

लग्न व्यवस्थित पार पडलं. मामा वऱ्हाडासह आले, टांग्यातून उतरले, आणि बायकोचा हात धरून थेट व्हरांड्यात घुसले.

"अहो, ती काचंची भित कुटं गेली? हिला मुद्दाम दाखवाय आनलं की!"

मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना, बांगड्या फोडल्यात म्हणून..."

"आं? चेष्टा केली ओ! खुर्चीत अडकलो व्हतो, उठवताना चारचौघांत कायतरी बोलाय नको? आमच्यात असलं कुनाकडं बी न्हाई म्हनून घरी चार दिवस तेच सांगत व्हतो." मग त्यांनी गणपतीला नमस्कार केला, सिंहाच्या सोफ्यावर बसून बघितलं आणि जरा हिरमुसून म्हणाले, "ह्ये आमच्याकडं बी हाय."

त्यांची ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. दोड्डप्पा जवळच बसले होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण कान उत्तम होते.

गावात झालं ते असं, की म्हातारा सुधारला. देवाधर्माला लागला, मुंबईचं खूळ डोक्यातून गेलं. बाजारात लोक त्यांना हे तोंडावर म्हणायचे, कौतुकानं. ते म्हणायचे, "व्हय बाबा, गेलं." ज्या माणसानं आयुष्यभर पाहुण्यांना लांब उभं राहायला सांगितलं, त्यानं हे मान्य करत राहावं यासाठी काय लागत असेल, याचा हिशेब मी तेव्हा केला नाही. मी लग्न करून, वडिलांच्या संमतीनं, त्याच घरी राहायला आलो होतो आणि पोर्चला दोन खांब द्यावेत का, या विचारात होतो. दोड्डप्पा म्हणाले, मी मेल्यावर दे. नंतर देववले नाहीत. त्यामुळे पोर्च वाचला, आणि हल्ली त्याच्या वाचण्याचंही श्रेय मला मिळतं.

चष्मा आला. जाड भिंगांचा, डोळे मोठे करून दाखवणारा. तो लावून दोड्डप्पा रोज सकाळी फाटकापर्यंत चालायचे आणि तिथे खड्ड्याच्या जागी उभे राहायचे. मला वाटायचं, रस्त्यावरची रहदारी बघताहेत. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर हिरव्या काचेचा एक तुकडा दिसला. काही दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा. गाड्यांच्या चाकांनी आणि झाडूनं खड्ड्यातलं जे वर यायचं, त्यातलं फक्त हिरवं ते उचलत होते. ती रांग वाढत गेली. मी तिच्यावरून धूळ झटकायचो आणि तुकडे पुन्हा जसेच्या तसे ठेवायचो. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. एकदा मी कट्ट्यापाशी असताना ते मागून येऊन उभे राहिले. मी घाईनं म्हणालो, "ही निळी आहे वाटतं." ते म्हणाले, "न्हाई. आता मला दिसतंय की."

बहीण माहेरी आली की सामान ठेवायच्या आत विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचो, योग्य वेळ बघून सांगतो. दोड्डप्पा गेल्यावर तिनं विचारणं बंद केलं. सत्काराच्या दिवशी ती पहिल्या ओळीत बसली होती. तिनं पुस्तिका चाळली, ते वाक्य असलेल्या पानावर थांबली, मिटली. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली आणि माझ्या हातातलं श्रीफळ काढून घेतलं.

"आन हिकडं. चटणीला व्हईल. तू कशाला ठेवतोस?"

मुलांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणालो, पुस्तिकेत एक चूक आहे. त्यांनी फार आदरानं विचारलं, कोणती, सर? मी म्हणालो, खुर्च्यांचा वेत नव्हे, सुतळीही नव्हे, तो काथ्या आहे. त्यांनी आभार मानले. म्हणून आता हे लिहितो आहे. मुलांनी हे वाचावं आणि ते वाक्य बदलावं. त्या माणसाची निष्ठा कधीच ओसरली नव्हती. पुतण्याला चारचौघांत खोटं ठरवायचं नाही म्हणून तो स्वतः खोटा झाला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा दोड्डप्पांनी अंथरूण धरलं. त्यांनी पलंग कोपऱ्यावरच्या खिडकीशी घ्यायला लावला आणि म्हणाले, कुंभारीहून माझी एक खुर्ची आण. आणली. बसायला त्यांना जमत नव्हतं, म्हणून तिच्यात मी बसायचो. ती खुर्ची इतकी बुटकी, की माझं डोकं त्यांच्या उशीच्या पातळीला यायचं. माणसाला कबुली द्यायची असेल तर त्याहून चांगली बैठक कुणी बनवलेली नाही.

त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. ऊन कट्ट्यावर आलं होतं आणि तुकड्यांचा हिरवा उजेड त्यांच्या चादरीवर पडला होता. मी वाक्य तयार करून आलो होतो. बँकेतून येताना सायकलवर ते पाठही केलं होतं. मी पुढे झुकलो.

दोड्डप्पांनी जाड भिंगांतून माझ्याकडे बघितलं. "कायतरी बोलायचंय व्हय तुला?"

मी म्हणालो, "पंखा वाढवू का?"

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाढीव."

मी हातांवर भार देऊन त्या खुर्चीतून उठलो आणि भिंतीशी गेलो. पंखा आधीच शेवटच्या आकड्यावर होता. तरी मी तिथेच पाठमोरा उभा राहिलो, बटण धरून. वाक्य मोठं नव्हतं. दोड्डप्पा, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी फोडली. माझं चुकलं.